मुंबईतील वायुवीजन व लोकारोग्य

घरात वा इमारतीत कोंडलेली हवा बाहेर जाऊन तिची जागा बाहेरील ताज्या हवेने घेतली जाणे, या क्रियेस वायुवीजन म्हणतात. दाटीने राहणाऱ्या माणसांचा उच्छ्‌वास, चुलीचा धूर, ओल व धूळ यांमुळे बंद जागेतील हवा दूषित होते आणि तिचा प्रकृतीवर अनिष्ट परिणाम होतो, ही समजूत फार जुनी आहे. तो परिणाम नेमका कशामुळे आणि कोणत्या रोगाच्या रूपाने होतो, यासंबंधीचे ज्ञान मात्र गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलले. या दृष्टीने मुंबई शहराचा इतिहास उद्‌बोधक आहे. १८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर घरांत हवा व उजेड आणण्यासाठी येथे स्वतंत्र कायदा झाला, दाट वस्तीतून रस्ते काढण्यात आले आणि दोन इमारतींमधील अंतराचा एक भूमितीय नियम ठरविण्यात आला. ज्या रोगाच्या भीतीने हे सर्व झाले, तो मुख्यतः हवेतून पसरत नव्हता. जो हवेतूनच पसरतो त्या क्षयरोगाचा हवेतून होणारा प्रसार पूर्णपणे सिद्ध होईपर्यंत मात्र या नियमाचा आग्रह शिथिल होऊ लागला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत यूरोपातील बहुतेक वैद्यांचा दूषित हवेच्या सिद्धांतावर विश्वास होता. कुजणाऱ्या पदार्थांपासून व गर्दीपासून निघणारी दुर्गंधीयुक्त हवाच ताप, पटकी इ. रोग उत्पन्न करते, असे ते मानीत. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ वाईट हवा असाच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी रुग्णपरिचर्येच्या नियमांत रोग्याच्या खोलीतील हवा बाहेरच्या हवेइतकीच शुद्ध राखण्याला पहिले स्थान दिले. या विषयाला मोजमापाची जोड म्यूनिक येथील माक्स फोन पेटेनकोफर (१८१८–१९०१) यांनी दिली. १८५८ मध्ये त्यांनी असे दाखविले की, खोलीतील हवा माणसांच्या वावरामुळे कितपत बिघडली आहे हे तिच्यातील कार्बन डाय-ऑक्साइडाच्या प्रमाणावरून ठरविता येते. हे प्रमाण हजारात एकाहून जास्त नसावे. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नसतो, हे त्यांना माहीत होते. तो केवळ एक निदर्शक होय, हा त्यांचा विचार पुष्कळ काळ दुर्लक्षित राहिला व आज पुन्हा उपयोगी ठरला आहे. याच पेटेनकोफरांनी पटकीच्या जंतूंना एकट्याने रोग उत्पन्न करता येत नाही हे सिद्ध करण्यासाठी १८९२ मध्ये त्यांचे संवर्धन स्वतः प्यायले होते. हवेचे मोजमाप बरोबर करणारा शास्त्रज्ञ रोगाच्या कारणाविषयी चुकू शकतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे, कारण मुंबईतही पुढे असेच घडले.

मुंबईतील घरे : मुंबईच्या आरोग्यविषयक स्थितीवरील अँड्रू लीथ यांचा अहवाल १८६४ चा आहे आणि शहराला पहिला आरोग्याधिकारी (टी. जी. ह्यूलेट) १८६५ मध्ये मिळाला. त्या सुमारास अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारास आलेल्या तेजीने व पुढे गिरण्यांच्या वाढीने शहरात माणसांचा ओघ सुरू झाला होता. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ भरली. मांडवी, भुलेश्वर, उमरखाडी या भागांतील घरे अरुंद व खोल असत. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजारच्या घरांना भिडलेल्या किंवा जेमतेम हातभर अंतरावर असल्यामुळे मधल्या खोल्यांना थेट उजेड मिळत नसे. दोन घरांमधील या चिंचोळ्या फटीस घरगल्ली म्हणत. मलमूत्र व सांडपाणी वाहून नेण्याचे कामही तीच करी. तिच्याकडे खिडकी असली, तरी दुर्गंधीमुळे ती बंद ठेवावी लागे. अशा रीतीने कागदोपत्री ज्या खोलीस खिडकी होती, तिला प्रत्यक्षात वारा मिळत नसे. नकाशावरील खिडकी आणि राहणाऱ्याला उघडता येणारी खिडकी यांतील हा भेद या विषयाच्या इतिहासात वारंवार आढळतो.

प्लेगची साथ : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात काम करणारे डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगश (१८५६–१९३३) यांनी गाठीच्या तापाचा एक रुग्ण तपासून त्याचे निदान प्लेग असे केले. ते मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. साथ पसरताच गावी परतणाऱ्यांची रीघ लागली आणि १८९७ च्या आरंभीपर्यंत जवळजवळ निम्मे शहर ओस पडले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांसंबंधीचा कायदा मंजूर झाला व मार्चमध्ये ब्रिगेडिअर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली. प्लेगचे जंतू १८९४ मध्येच हाँगकाँग येथे सापडले होते; परंतु ते माणसापर्यंत कसे पोहोचतात याचा उलगडा झालेला नव्हता. सरकारी उपायांचा सगळा रोख त्यामुळे घरावर होता. गटारांतून समुद्राचे पाणी व कार्बॉलिक अम्ल सोडण्यात आले, भिंतींना चुन्याची सफेदी देण्यात आली, आडभिंती पाडण्यात आल्या आणि आतील खोल्यांत ऊन व वारा यावा म्हणून छपरांवरील कौले उतरविण्यात आली. माणसांनी राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अद्याक्षरे रंगविली जात. घरझडतीच्या व विलगीकरणाच्या सक्तीमुळे लोकांत तीव्र असंतोष उसळला. पुण्यात त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली. [⟶ प्लेग].

सुधार विश्वस्त मंडळ : साथीच्या धक्क्यातून १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा अधिनियम मंजूर झाला व त्यान्वये विश्वस्त मंडळाची स्थापना झाली. लोक त्यास ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ म्हणत. अनारोग्यकारक वस्त्या हटविणे, नवे रस्ते काढणे, भरणीने जमीन मिळविणे आणि गरिबांसाठी आरोग्यकारक चाळी बांधणे ही त्याची कामे होती. पहिली योजना नागपाडा येथे हाती घेण्यात आली. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे पश्चिम-पूर्व जाणारे रुंद रस्ते आखताना रहदारीच्या सोयीइतकाच समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा दाट वस्तीच्या पोटात नेण्याचा हेतू होता. रस्त्याकडे वाऱ्याचा पाट म्हणून पाहण्याची ही दृष्टी नगररचनेच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी या विचारास नियमाचे रूप दिले. मुंबईतील घरांतील उजेड व हवा या विषयावर त्यांनी १९१२ मध्ये व्याख्यान दिले. त्यांनी पुरस्कारिलेला नियम ‘साडेत्रेसष्ट अंशांचा नियम’ म्हणून ओळखला जातो. तळमजल्यावरील खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत कल्पिलेली रेषा क्षितिजसमांतर पातळीशी ६३ ½ अंशांहून मोठा कोन करणारी नसावी, असा त्याचा आशय आहे. या कोनाचे स्पर्शगुणोत्तर जवळजवळ दोन असल्यामुळे व्यवहारात याचा अर्थ अगदी सोपा होता : समोरील इमारत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मोकळे सोडले पाहिजे. चाळीस फूट उंचीच्या चाळीपुढे वीस फूट मोकळी जागा हवी. मिस्त्रीला दोरीने मोजता येईल असा आणि भाडेकरूलाही समजेल असा हा नियम होता, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य होय. मंडळाच्या दादर-माटुंगा योजनेतील हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी यांसारख्या वसाहतींत मोकळ्या जागा राखून बेताच्या उंचीच्या इमारती उभ्या राहिल्या, त्या या विचारसरणीच्या ठळक खुणा होत.

मंडळाच्या कार्यावर टीकाही पुष्कळ झाली व ती बव्हंशी रास्त होती. पाडलेल्या घरांतील गरीब भाडेकरू नव्या चाळी तयार होईपर्यंत थांबू शकत नव्हते. नव्या जागेचे भाडेही अनेकांना परवडत नसे. ते शेजारच्याच वस्तीत शिरत व तेथील गर्दी आणखी वाढत असे. १९१४ मध्ये भारतात आलेले व १९१९ पासून मुंबई विद्यापीठात प्राध्यापक असलेले पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) यांनी सरसकट पाडापाडीऐवजी जुनी वस्ती राखून आवश्यक तेवढीच घरे काढून टाकण्याचा मार्ग सुचविला. विश्वस्त मंडळ पुढे १९३३ मध्ये महानगरपालिकेत विलीन करण्यात आले.

परळचे प्रयोग : दरम्यान, ज्या समजुतीवर हे सर्व उभे होते तिलाच धक्का बसला. फ्रेंच वैद्य पॉल-ल्वी सीमाँ (१८५८–१९४७) यांनी १८९८ मध्ये कराची येथे उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेगचा प्रसार होतो हे प्रयोगाने दाखविले. तत्कालीन भारतीय प्लेग आयोगाने त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. १९०५ पासून परळ येथील प्रयोगशाळेत (पुढील हाफकिन संस्थेत) पुन्हा पद्धतशीर संशोधन सुरू झाले. तेथे मुद्दाम बांधलेल्या कोठ्यांत प्लेगग्रस्त जनावरांपासून आलेल्या पिसवा असताना काही गिनीपिग जमिनीलगत व काही जमिनीपासून दोन फूट उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांत ठेवण्यात आले. जमिनीलगतचे प्राणी प्लेगने मेले; वरचे वाचले. दोघेही एकाच कोठीतील हवा घेत होते. पिसूला दोन फूट उडी मारता येत नाही, एवढाच काय तो फरक होता. पिसवा नसलेल्या कोठीत तर रोगी व निरोगी जनावरे एकत्र ठेवूनही लागण झाली नाही. प्लेगचा फुप्फुसांत होणारा प्रकार उच्छ्‌वासातून पसरतो. परंतु मुंबईतील साथ प्रामुख्याने गाठीच्या प्लेगची होती. त्यामुळे कौले उतरवून व भिंती पाडून प्लेग हटेल ही कल्पना शास्त्रीय दृष्ट्या निकालात निघाली. मोडतोडीने उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यास मदतच झाली असावी.

या शोधाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. जंतुशास्त्राच्या विजयाबरोबर हवा व उजेड यांचा आग्रह हा जुन्या, चुकीच्या सिद्धांताचा अवशेष वाटू लागला. रोगाचा जंतू व त्याचा वाहक हाती लागल्यावर इमारतीच्या घडणीकडे आरोग्यशास्त्राचे लक्ष कमी होत गेले. वास्तविक ज्या रोगासाठी हा नियम योग्य होता, त्याचा जंतू रॉबर्ट कॉख (१८४३–१९१०) यांनी १८८२ मध्येच शोधलेला होता. पण क्षय हा प्लेगसारखा भयभीत करणारा रोग नव्हे. तो वर्षानुवर्षे खोलीत मुक्काम करतो, शहर ओस पाडत नाही आणि त्याच्यासाठी कोणी तातडीचा कायदाही करीत नाही.

एका खोलीचे घर : १९२१ च्या सुमारास मुंबईच्या सु. दोन-तृतीयांश रहिवाशांचे घर म्हणजे एकच खोली होती. सरकारच्या मजूर खात्यातर्फे गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉक्टर श्रीमती बार्न्स यांनी १९२२ मध्ये नोंदविलेले एक उदाहरण पुढे अनेक ग्रंथांत उद्‌धृत झाले. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील १५ फूट × १२ फूट खोलीत सहा कुटुंबे राहत होती. मुले धरून एकूण तीस माणसे होती आणि जमिनीवर सहा वेगळ्या चुली होत्या. सहांपैकी तीन स्त्रियांचे दिवस भरत आले होते. माणशी सहा चौ. फूट जागा, सहा चुलींचा धूर आणि रात्री लावून घेतलेले दार या परिस्थितीत जन्मणाऱ्या मुलाला पहिला श्वास कोणत्या हवेत घ्यावा लागत असेल, याची कल्पना करता येते. १९२१ च्या आकड्यांनुसार एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजारी ८२८ अर्भके, तर चार वा अधिक खोल्यांच्या घरांत १३३ अर्भके दगावली. बाळंतपणासाठी स्त्रिया गावी जात व त्या जन्मांची नोंद मुंबईत होत नसे. त्यामुळे पहिला आकडा फुगलेला आहे. शिवाय दारिद्र्य, अपुरा आहार व दूषित पाणी यांचाही त्यात वाटा होता. हे सर्व वजा धरूनही उरणारा फरक मोठा आहे.

१९२० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. ‘बी. डी. डी. चाळी’ या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. सु. १६० चौ. फुटांच्या खोल्या मधल्या बंदिस्त बोळाच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे एका बाजूने वारा आत येऊन दुसऱ्या बाजूने निघून जाण्यास थेट मार्ग राहिला नाही. जुन्या लाकडी चाळीत निदान पुढे उघडी गॅलरी असे. चाळ मजबूत झाली, पण हवेच्या दृष्टीने ती सुधारलीच असे म्हणता येत नाही.

धूर : चुलीच्या धुराचा विचार वैद्यकात उशिरा झाला. दिल्ली येथील हृद्‌रोगतज्ञ डॉ. एस्. पद्मावती यांनी १९५० व १९६० च्या दशकांत दाखविले की, फुप्फुसविकारामुळे होणारा हृदयविकार धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतही पुरुषांप्रमाणेच आढळतो. त्याचे कारण त्यांनी स्वयंपाकघरातील धुरात शोधले. १९८० नंतर गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासाजवळील धूलिकणांचे प्रत्यक्ष मोजमाप झाले व प्रदूषण म्हणजे कारखान्याचे धुराडे हे समीकरण अपुरे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरगुती धुराच्या प्रदूषणामुळे जगात सु. ३२ लाख मृत्यू घडले. मुंबईत रॉकेल व पुढे स्वयंपाकाचा गॅस आल्याने चुलीचा धूर बराच ओसरला. माणसांच्या उच्छ्‌वासाचा प्रश्न राहिला.

क्षय व हवा : औषधे नव्हती तेव्हा स्वच्छ हवा, विश्रांती व सकस आहार हाच क्षयावरील उपचार होता. पाचगणी व मिरज येथील आरोग्यधामे या काळातील होत. हवा ही रोग्याला बरे करते असा त्या वेळचा समज होता. ती निरोगी माणसाला लागणीपासून वाचवते, हा मुद्दा मागे पडला होता. तो १९५६ ते १९६२ या काळात अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे रिचर्ड रायली व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या प्रयोगांनी पुढे आला. क्षयरोग्यांच्या खोल्यांतील हवा नळीवाटे वरच्या मजल्यावरील गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडण्यात आली. रोग्यांशी कोणताही संपर्क नसताना ते प्राणी क्षयाने बाधित झाले. जंबुपार किरणांनी निर्जंतुक केलेल्या हवेतील प्राणी बाधित झाले नाहीत. परळ येथे तीच हवा घेऊनही प्राणी वाचले होते. बॉल्टिमोर येथे केवळ हवेने ते आजारी पडले. खोकल्यावाटे उडालेले सूक्ष्म थेंब वाळून कित्येक तास तरंगत राहतात आणि ताजी हवा आली नाही, तर साचत जातात, हे यावरून निश्चित झाले.

परंतु याच वेळी औषधे आली होती. १९५६ मध्ये सुरू झालेल्या व १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मद्रास येथील अभ्यासात, गरिबांच्या दाट वस्तीत घरीच औषध घेणारे रोगी आरोग्यधामातील रोग्यांइतकेच बरे होतात व घरातील माणसांना त्यामुळे अधिक लागण होत नाही, असे आढळले. त्याचा लाभ देशातील असंख्य रोग्यांना झाला. मात्र घरातील हवेचे महत्त्व संपले, असा जो अर्थ पुढे घेतला गेला, तो या अभ्यासातून निघत नव्हता. घरातील माणसांना लागण होते ती बहुधा निदानापूर्वीच्या महिन्यांत, रोगी औषधावर नसताना. आणि त्या महिन्यांत खोलीची खिडकी हेच एकमेव संरक्षण असते. पेरूमधील लिमा येथील आठ रुग्णालयांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उंच छत व मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या इमारतींत, दारे-खिडक्या उघडल्या असता, आधुनिक यांत्रिक व्यवस्थेच्या खोल्यांपेक्षा कितीतरी अधिक हवा खेळते असे दिसले. हे मोजण्यासाठी खोलीत कार्बन डाय-ऑक्साइड सोडून त्याचे प्रमाण किती वेगाने घटते, ते पाहण्यात आले होते.

पुनर्वसन वसाहती : १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेखाली झोपडीधारकांना पक्की घरे विनामूल्य मिळू लागली, आरंभी त्यांचे क्षेत्रफळ २२५ चौ. फूट होते. खर्च विक्रीच्या सदनिकांतून निघावा म्हणून अशा योजनांत मोकळ्या जागांचे नियम सैल करण्यात आले. रेल्वे व रस्त्यांच्या प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी गोवंडी-मानखुर्द भागात उभारलेल्या काही वसाहतींत दोन इमारतींमधील अंतर तीन मीटरच आहे. २४ मी. उंचीच्या इमारतींत ऑर यांच्या नियमाप्रमाणे १२ मी. अंतर लागले असते. तीन मीटर अंतर ठेवल्यास तो कोन सु. ८३ अंश होतो. अशा फटींत वरून कचरा पडत असल्याने खालच्या मजल्यांवरील खिडक्या लावून ठेवाव्या लागतात. जुनी घरगल्ली नव्या रूपात परत आली, असेच म्हणावे लागते. या भागातील नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड व पी. एम. जी. कॉलनी या तीन वसाहतींतील चार हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था व मुंबईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था यांनी केली. तिचे निष्कर्ष २०१८ नंतर प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन, अधिक दाटीच्या वसाहतींत क्षयाचे प्रमाण तिसरीपेक्षा जास्त आढळले आणि जेथे ऊन व वारा कमी पोहोचतो त्या खालच्या मजल्यांवर धोका अधिक दिसला. तिन्ही वसाहतींतील लोकांची आर्थिक स्थिती साधारण सारखी असल्याने इमारतींच्या मांडणीचा परिणाम ओळखता आला, हे या पाहणीचे महत्त्व.

कोव्हिड-१९ च्या साथीत बंद जागेतील हवेचा प्रश्न जगभर पुन्हा ऐरणीवर आला. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये वायुवीजनासंबंधी मार्गदर्शिका काढली व माणशी दर सेकंदास १० लिटर ताजी हवा मिळावी असे सुचविले. पाच जणांच्या कुटुंबासाठी हे प्रमाण ताशी १८० घन मीटर होते. म्हणजे २२५ चौ. फुटांच्या घरातील संपूर्ण हवा तासाला सु. तीन वेळा बदलली पाहिजे. दोन्ही बाजूंस उघडणाऱ्या खिडक्या असल्यास हे सहज साधते. एकाच बाजूस, तीन मीटरच्या फटीकडे उघडणारी आणि बहुधा बंद असलेली खिडकी असेल, तर ते साधत नाही.